तपकिरी नावाची अळंबी

"सही करायला एवढा वेळ का, सर?"

केळुस्कर सर कागद वाचत राहिले. अळंब्यांच्या अभ्यासात त्यांचं आयुष्य गेलं. आता ते देवराईच्या काठावर एका खोलीत राहतात. त्यांची जुनी विद्यार्थिनी वैजयंती पहाटेच घाट चढून आली होती. तिला अळंबीची नवी जात सापडली होती, तिच्यावरच्या शोधनिबंधावर सरांची सही हवी होती, आणि तोरा काही लपत नव्हता.

"सापडली कुठे?"

"याच देवराईतली. वनरक्षकानं वाळवून बारा नमुने पाठवले. तीन महिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले, सर. जगात कुठे नोंद नाही."

"नाव?"

"तपकिरी. म्हणजे लॅटिनमध्ये. रंगावरून."

"हं..."

"उद्या छापायला पाठवते. नाहीतर दुसरा कुणी छापून मोकळा होईल. आधी छापलेलं नावच टिकतं. कायमचं."

"चुकलेलं असलं तरी?"

"तरी. नियमच आहे तसा."

सर उठले. चपला बाहेरच ठेवून देवराईत शिरले. देवराईत अनवाणीच जायचं असतं. वैजयंतीनं नाइलाजानं बूट काढले आणि खडे टोचत असतानाही मागोमाग गेली.

एका पडलेल्या खोडापाशी सर थांबले.

खोडावर मूठभर अळंब्या उगवल्या होत्या. निळ्याशार.

"अय्या, किती गोड! ही कुठली, सर?"

सर बाजूला सरकले.

ती गुडघ्यांवर बसली. एका छत्रीखाली बोट घालून तिनं ती अलगद वर केली. खालचे पडदे दुभंगलेले, देठाशी बारीक कंगोरा. बारा नमुन्यांत तिनं बाराही वेळा मोजलेला, तोच.

तिचा चेहरा उतरला. मला तिची दया येते. मेहनत खरी होती, फक्त वैजयंती इथं कधी आली नव्हती.

"वाळल्यावर तपकिरी होते..." ती पुटपुटली.



मग तिनं घाईघाईनं कागद मांडीवर पसरला, 'तपकिरी'वर काट मारली आणि पेन टेकवलं.

"निळी लिहिते. आत्ताच. आता तरी सही कराल ना?"

सरांनी वर पाहिलं. सकाळचं ऊन अजून खोडापर्यंत पोचलं नव्हतं. त्यांनी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं, स्वतःच्या खिशाला लावलं आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसले.

"थांब. हिच्यावर ऊन यायचंय. अजून दुपार व्हायचीय."