गिरणीतल्या डब्यांवरचं लेबल

चौकातले मोठमोठे फलक भाड्याने देणारे हेमाडेसाहेब पापडवाल्या वत्सलाबाईंना म्हणाले, "माझ्या फलकाशिवाय तुम्हाला गावात कुत्रंही विचारणार नाही!"

वत्सलाबाई लाटणं न थांबवता म्हणाल्या, "साहेब, पिठाच्या गिरणीत डब्यांची अदलाबदल होऊन बायकांची रोज भांडणं व्हायची. मी प्रत्येकीच्या डब्यावर आडनावाचं सुबक छापील लेबल फुकट चिकटवलं. आडनावाखाली माझ्या पापडांचं नाव आणि फोन नंबर."

"हॅ! असले डबे बघतं कोण?"

"घरी जाऊन विचारा."

साहेब तणतणत घरी गेले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थिजले. पिठाच्या डब्यावर ठळक 'हेमाडे', खाली 'वत्सलाचे पापड'. बायको तोच नंबर लावत होती.

"अगं, चौकातल्या आपल्या फलकावर सध्या कोणाची जाहिरात आहे?" साहेबांनी कसंबसं विचारलं.

फोन कानाला लावूनच ती म्हणाली, "तुमचे फलक बघतं कोण?"