तिसऱ्या देवळाचा खिळा

एका राज्यात, दूर यवनदेशीच्या डोंगरांत, हेरा देवीची तीन देवळे होती. देवी एकच, उपाध्या तीन. पहिल्या देवळात ती कन्या म्हणून पुजली जाई, दुसऱ्यात पूर्णा, म्हणजे सौभाग्यवती, म्हणून, आणि तिसऱ्यात विधवा म्हणून.

राजा दामासची लेक मेलिता ऐन विशीत विधवा झाली. लेकीला ते नाव लागावे हे राजाला सोसेना. त्याने मांत्रिक बोलावला. मांत्रिकाने शिशाच्या पत्र्यावर ‘विधवा’ हा शब्द कोरला, पत्रा गुंडाळला, त्यात खिळा ठोकला आणि तो तिसऱ्या देवळाच्या उंबऱ्याखाली पुरला. राजाच्या हुकुमाने देवळाला टाळे लागले.

त्या दिवसापासून तो शब्द कोणाच्या जिभेवर येईना. पण शब्दामागोमाग मेलेल्या नवऱ्यांची नावेही गेली, चेहरेही गेले. बायका रडत, आणि कोणासाठी ते त्यांना आठवत नसे.

मेलिताही रडे, आणि तिला स्वतःचेच नवल वाटे. एके सकाळी ती कन्येच्या देवळात गेली. देवीच्या राजदंडावर एक कोकिळा बसली होती. ती माणसासारखी बोलत असे.

“पक्षिणी, मी कोणासाठी रडते?”

“तीन कामे कर, म्हणजे कळेल. कन्येला झऱ्यावर न्हाऊ घाल. पूर्णेला लग्नाचे वस्त्र नेसव. मग तिसऱ्या देवळाच्या उंबऱ्याखालचा खिळा काढवून घे. तो तुझ्या हाताने निघायचा नाही. ज्याच्या हुकुमाने ठोकला, त्याच्याच हाताने निघेल.”

मेलिताने कन्येची लाकडी मूर्ती झऱ्यावर नेऊन न्हाऊ घातली. तिला आपले बालपण आठवले, हंसांमागे धावणारे अनवाणी पाय आठवले. त्यात रडण्याजोगे काही नव्हते.

पूर्णेला वस्त्र नेसवताना तिला एका पुरुषाचा हात दिसला. अंगठ्यावर भाजल्याचा डाग होता, आणि तो हात तिच्या केसांत फुले माळत होता. चेहरा काही दिसेना. आता तिला राहवेना. ती तडक पित्याकडे गेली.

“तात, तो खिळा काढा.”

“काढला तर लोक तुला त्या नावाने ओळखतील. तुला दुःख नको म्हणूनच मी ते केले.”

“मी रडतेच आहे, तात. कोणासाठी, तेवढे कळत नाही.”

राजा उठला आणि लेकीसोबत तिसऱ्या देवळाशी गेला. त्याने उंबऱ्याखालची माती स्वतः उकरली आणि खिळा उपटला. पत्रा उलगडला, टाळे गळून पडले. आत डोक्यावरून पदर घेतलेली देवी शांत बसली होती.

“फिलोन,” मेलिता म्हणाली. “त्याचे नाव फिलोन.” ती पायरीवर बसून रडली. खाली नगरात घराघरांतून नावे ऐकू येऊ लागली.

देवीपुढे पुन्हा दूधमध वाहिले गेले, तिन्ही देवळांत सारखेच. मग राजा लेकीशेजारी पायरीवर येऊन बसला.

“तो हयात असताना मी त्याला नीट ओळखलेच नाही,” तो म्हणाला. “कसा होता?”

मेलिताने डोळे पुसले आणि ती सांगू लागली.