चौकातला काशाचा स्वार

एका राज्यात अजितसेन नावाचा राजा होता, मंदारवती नावाची राणी होती, आणि त्यांच्या पोटी कुमुद्वती नावाची एकुलती एक लेक होती. त्याच राज्यात हेमगिरी नावाचे संत पांढऱ्या घोड्यावरून गावोगाव फिरत. कुणाच्या घरी कुणी अखेरच्या घटका मोजू लागलं, की घोडा आपण होऊन त्या दारी थांबे. हेमगिरी उशाशी बसत. ते बसले असेतो मृत्यू उंबरठा ओलांडत नसे. तेवढ्यात माणसं एकमेकांशी बोलून घेत. मग संत उठून वाटेला लागत, आणि त्यांच्या पाठीमागे थकलेला जीव शांतपणे मिटे.

एके वर्षी राणीला असाध्य ज्वर जडला. हेमगिरी आले, बसले, आणि निघायला उठले. राजाने त्यांचे पाय धरले.

ते म्हणाले, "राजा, मी थांबतो तो निरोपापुरता."

राजाने पाय सोडले, पण राणीला जाऊ न देण्याचा हट्ट सोडला नाही. त्याच्या पदरी कराळक नावाचा मांत्रिक होता. चौकात घोड्याने पुढचा पाय उचलला, तोच कराळकाने मूठभर राख फुंकली. घोडा आणि स्वार जागच्या जागी काशाचे झाले. राजाने भोवती चौथरा बांधला आणि दवंडी पिटवली, की संतांच्या सन्मानार्थ हा पुतळा उभारला आहे. लोकांनी भक्तीने हार घातले.

त्या दिवसापासून राज्यात कुणी मेलं नाही. आधी लोकांनी घरोघर तोरणं बांधली. मग हळूहळू कळू लागलं. वाघाने फाडलेला माणूस फाडलेलाच तळमळत राहिला. म्हाताऱ्यांच्या घशाखाली पाणी उतरेना आणि प्राणही जाईना. जाण्याची वाट बुजली तशी येण्याचीही बुजली. पोटुशा बायकांचे दिवस भरून गेले, तरी एकही पाळणा हलला नाही. राणी उघड्या डोळ्यांनी कण्हत पडली होती. कुमुद्वती ओल्या कापसाने तिचे ओठ भिजवी. वर्षामागून वर्षं तिने तेवढंच केलं.

एके सकाळी ती चौकात गेली आणि घोड्याच्या गार मानेला कपाळ टेकून रडली. स्वाराच्या खांद्यावर तांबड्या डोळ्यांचा भारद्वाज बसला होता. त्याने तिला घडलं ते सगळं सांगितलं. हा पुतळा नव्हे, अडवलेला माणूस आहे, असं तो म्हणाला. त्याला सोडवायला तीन गोष्टी हव्यात. काळडोहात बुडवलेला या घोड्याचा लगाम, कराळकाच्या शंखात कोंडलेला संतांचा श्वास, आणि ज्याने अडवलं त्याच्याच तोंडचा निरोप.

"मग माझी आई बरी होईल?" कुमुद्वतीने विचारलं.

"नाही," भारद्वाज म्हणाला. "मग ती जाईल."

ऊन डोक्यावर येईतो ती चौथऱ्यावर बसून राहिली. मग उठली आणि काळडोहाकडे चालू लागली.

काळडोहाचं पाणी आत शिरणाऱ्याचं वय पिऊन घेई. कुमुद्वतीने बुडी मारली, तळाचा चिखल चाचपला आणि लगाम घेऊन ती वर आली, तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते. तिने ते पिळले, अंबाडा बांधला आणि कराळकाच्या डोंगराची वाट धरली.

युद्ध करावं लागेल असं तिला वाटलं होतं. पण कराळक गुहेत आडवा पडला होता. त्याचं अंग वाळवी लागल्यासारखं झडत होतं, आणि मंत्र त्याचाच असूनही त्याला सुटका नव्हती. शंख त्याच्या उशाशीच होता.

"घेऊन जा," तो म्हणाला. "फार दिवस वाट पाहिली. कुणी आलंच नाही."

राहिलं तिसरं काम. ती महाली आली. पांढऱ्या केसांची, सुरकुतलेली बाई दारात पाहून राजा आधी दचकला. मग त्याने तिचे डोळे ओळखले.

"तात, चला," कुमुद्वती म्हणाली. "आता तुम्हीच त्यांना निरोप द्या."

"ती जाईल, पोरी."

"मलाही ती हवीच आहे. पण ती कण्हते ते रोज मी ऐकते. तुम्ही त्या दालनात कधी येतच नाही."

लेकीच्या हाताला धरून राजा चौकात आला. तिने घोड्याला लगाम चढवला आणि शंख फुंकला. राजाने हात जोडले.

"महाराज, मी तुम्हाला अडवलं," तो म्हणाला. "या आता."

घोड्याने उचललेला पाय खाली टेकला. काशाचा रंग उन्हात विरघळला. हेमगिरींनी राजाला दोष दिला नाही. राणी कुठे आहे, एवढंच विचारलं आणि ते पुन्हा तिच्या उशाशी जाऊन बसले.

मंदारवतीचं कण्हणं थांबलं. तिने लेकीच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला, ते का पांढरे झाले हे विचारलं नाही. मग ती नवऱ्याकडे वळली.

"दमलात हो तुम्ही," ती म्हणाली. "येते मी."

हेमगिरी उठले.

त्या दिवशी घराघरांतून हंबरडे उठले. डोंगरावर कराळकाची राख झाली. वर्षानुवर्षं खोळंबलेले जीव एकदमच गेले आणि स्मशानात लाकूड पुरेना. तेव्हा राजाने महालाची चंदनी दारं स्वतःच्या हाताने उतरवली आणि ज्यांना हवी त्यांना देऊन टाकली. राणीची चिता कुमुद्वतीने रचली. ती विझत असताना कुंभारवाड्याकडून तान्ह्या बाळाचं रडणं ऐकू आलं. कुमुद्वती उठून उभी राहिली, आणि मग पुन्हा बसून मोकळेपणाने रडली.

पुढे तीच गादीवर बसली आणि तिने न्यायाने राज्य केलं. महालाला मात्र तिने पुन्हा दारं बसवली नाहीत. येणारे येत, जाणारे जात.