ओल्या शेणी

“मग बर्फ वितळेपर्यंत त्या घराचं दार कुणी ढकललंच नाही?”

आनी देचेनने हे विचारलं आणि हुपरीकर मास्तरांनी ओठाशी नेलेली चहाची वाटी खाली ठेवली.

तिकडे बर्फाच्या डोंगरात बौद्ध मठातल्या जोगिणीला आनी म्हणतात. ही आनी गावच्या मठात एकटीच राहायची. गावाचं काही अडलं की गाव तिच्याकडे यायचं.

मास्तर म्हणजे काही शाळामास्तर नव्हेत. ते रहस्यकथा लिहायचे. लिहितो म्हणजे मास्तरच असणार, असं म्हणून आनीनेच ते नाव ठेवलं होतं.

उत्तरेकडचं बर्फातलं एक लहानसं गाव, दर पुस्तकात एक खून, आणि खुनी हुडकून काढणारा लंगडा पोस्टमन. पुस्तकांची माळ एवढी लांबली होती की एसटी स्टँडवरच्या दुकानात तिला वेगळी फळी होती. खरं बर्फ मात्र मास्तरांनी जन्मात पाहिलं नव्हतं. आता शेवटचं पुस्तक काही केल्या पुढे सरकेना. त्यात पोस्टमनच मेला होता, आणि त्याला कुणी मारलं हे खुद्द मास्तरांनाच सापडत नव्हतं. म्हणून थकूनभागून ते असल्या खऱ्या गावात येऊन राहिले होते.

पण गावाने लिहू दिलं तर ना.

इथली रीत अशी, की सकाळी उठलं की आधी शेजारच्या धुराड्याकडे बघायचं, मग तोंड धुवायचं. धूर दिसला नाही तर जाऊन दार ढकलायचं.

आल्या दिवशी मास्तरांनी चुकून याकच्या ओल्या शेणी चुलीत घातल्या. एवढा धूर झाला की खडकापलीकडचे मेंढपाळसुद्धा बघायला आले. शेजारच्या आंगदुईने विचारलं होतं, मास्तर, लिहायला आलात की गाव जाळायला? मग त्यानेच वाळकी शेणी कशी ओळखायची ते शिकवलं.

आणि आज सकाळी मास्तरांनी चूल पेटवलीच नाही. गोधडीतून हातच बाहेर काढवेना. तर आंगदुई आला. मागोमाग त्याची बायको गरम सातू घेऊन आली. मग त्याची म्हातारी आई काठी टेकत चढण चढून आली, दारात उभी राहिली, नुसतं बघितलं आणि परत गेली.

आता मात्र पुरे झालं, म्हणून मास्तर मठात आले होते. वळणापलीकडे, त्या खडकाच्या आड, मठाचं एक घर रिकामं होतं. तिथलं धुराडं गावातून दिसत नाही. हिवाळाभर ते मिळावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. आनीने हो की नाही सांगितलं नाही. आधी तुझ्या त्या अडलेल्या पुस्तकाची गोष्ट सांग म्हणाली.

“नाही ढकललं,” मास्तर म्हणाले. “ढकललं असतं तर रहस्य कसलं राहिलं?”

“आणि आधीच्या पुस्तकात?”

“तिथंही... बर्फ वितळल्यावरच.”

“त्याच्या आधीच्या?”

“लोकांना तेच आवडतं, आनी.”

“शेजारी नव्हते?”

“असतात की. संशय त्यांच्यावरच तर असतो.”

आनी बोळक्या तोंडाने हसली. “म्हणजे तुझ्या गावात शेजाऱ्याला एवढंच काम.”

मास्तरांना राग आला, पण रागवायचंही त्राण नव्हतं.

आनी चुलीतली राख सारत राहिली. मग तिने वर न बघता विचारलं, “कोण पडून होतं, मास्तर?”

“पोस्टमन.”

“तो नव्हे.”

बाहेर वाऱ्यावर पताका फडफडत होत्या.

“आई,” मास्तर म्हणाले. “हुपरीच्या घरात. एकटीच होती. झोपेत गेली म्हणाले... दारात दुधाच्या पिशव्या नासल्या, तेव्हा कळलं.”

“आणि तू?”

“पुण्यात. पहिलं पुस्तक लिहीत होतो. कुणी मधे येऊ नये म्हणून फोन बंद करून ठेवला होता.”

“शेजारी?”

“गॅसला धूर नसतो, आनी.”

आनीने त्यांची वाटी पुन्हा भरली. ते प्याले नाहीत.

“मला ते घर द्या,” मास्तर म्हणाले. “फार दमलोय मी. हे एकदा संपवतो आणि सुटतो.”

बोलून झाल्यावर तो शेवटचा शब्द त्यांचा त्यांनाच ऐकू आला. आनीनेही ऐकला होता.

ती गुडघ्यावर हात देऊन उठली. मास्तर तिच्यामागे अंगणात गेले. गावात येणारी खिंड बर्फाने आज-उद्याच बंद होणार, असं आभाळ भरून आलं होतं.

अंगणात छपराखाली वाळक्या शेणींची उंच रास रचलेली होती. आनीने तिच्याकडे पाहिलंही नाही. ती भिंतीशी गेली. तिथे कालच थापलेल्या शेणी होत्या, हिरव्या आणि मऊ. एकेक सोडवून तिने टोपली भरली. हात मनगटापर्यंत माखले.

“आनी, या ओल्या आहेत,” मास्तर म्हणाले. “या नीट पेटायच्या नाहीत. नुसता धूर होईल.”

आनीने टोपलीचा पट्टा त्यांच्या खांद्यावर चढवला, ओढून नीट बसवला. मग माखल्या हाताने वळणापलीकडची वाट दाखवली.

“घर घे, मास्तर. सकाळची पहिली शेणी मात्र ओली.”