घेवड्याच्या पांढऱ्या दाण्याची गोष्ट

पाय पांघरुणात घ्या बघू आधी. हं.

एकदा काय झालं, ग्रीकांच्या देशात समुद्रकाठी एक गाव होतं. राजा? नव्हता बाई तिथे राजा! गावच राज्य करायचं. गावात झरा एक आणि त्याच्या पाटाच्या दाराची किल्ली एक. चौकात ज्याचा आवाज मोठा, त्याला किल्ली द्यायचे. म्हणून ती तीन वर्षं द्राक्षमळेवाल्या क्रिटोनकडेच. आणि पाणी त्याच्याच मळ्याला!

पाटाच्या अगदी शेवटी राहायचा थिओन कुंभार. त्याची माती सुकली, चाक थांबलं, चूल पेटेना. तीनदा क्रिटोनच्या पाया पडून आला, तीनदा हात हलवत परतला.

शेवटी गाव वैतागलं. म्हणालं, आता मडक्यात घेवड्याचे दाणे टाकू. सगळे काळे, एकच पांढरा. ज्याला पांढरा निघेल, त्याला वर्षभर किल्ली. मडकं करायला सांगितलं थिओनला. त्यानं उरलीसुरली माती प्यायच्या पाण्यात भिजवली, बरं का, आणि मडकं घडवलं. तोंड असं, की हात जाईल पण आतलं दिसणार नाही.

मग एकेकानं हात घातला. थिओननं मूठ उघडली तर काय, पांढरा! बिचाऱ्याला आनंदानं रडूच आलं.

तेवढ्यात क्रिटोन ओरडला, "मडकं यानंच केलं आणि दाणाही यालाच? आत चोरकप्पा असणार!"

लोक कुजबुजायला लागले. थिओन विचारात पडला. किल्ली घेतली तर जन्मभर चोर म्हणतील, सोडली तर घरात खायचं काय? मग त्यानं मडकं उचललं आणि दिलं धाडकन आपटून! एकेक खापरी फिरवून दाखवली. कप्पाबिप्पा काही नव्हतं.

"तरी शंका नको," तो म्हणाला. "क्रिटोनच्या घरचं मडकं आणा. पुन्हा काढू."

पुन्हा काढले. थिओनला काळा. क्रिटोनलाही काळा, बरी जिरली! पांढरा निघाला चपला शिवणाऱ्या मायरोनला. त्याला ना शेत, ना मळा. त्यानं पहिल्या दिवशी वरच्या घरांना पाणी सोडलं, दुसऱ्या दिवशी मधल्यांना. तिसऱ्या दिवशी सकाळी थिओनच्या दारात पाणी खळखळत आलं. किल्ली नाही मिळाली, पण माती भिजली. चाक फिरलं. आणि पहिलं मडकं त्यानं केलं ते गावासाठी, पुढच्या वर्षीच्या दाण्यांचं.

मग सगळ्यांच्या चुली पेटल्या, सगळे पोटभर जेवून गाढ झोपले. आता तुम्हीही डोळे मिटा. दिवा कोण मालवणार म्हणून भांडू नका. उद्यापासून दाणे काढू. आज मीच मालवते.