दोरजेचं माप

"पण बाबा, पोत्याएवढे हातमोजे विणले तर ते घालायचे कुणी?"

"माणसानंच," बाबा म्हणाले. "आधी दुप्पट विणायचे. मग कढत पाण्यात बुडवून दगडावर मळायचे. लोकर आटते, घट्ट होते. ती इथं आटली म्हणजे खिंडीत आटत नाही."

दिगंबरला ते पटलं नाही. तो येवल्याचा, पैठणी विणणाऱ्या घरातला. ब्रह्मज्ञान मिळेल म्हणून हिमालयात आला, तर या म्हाताऱ्यानं हातात सुया दिल्या. खिंड ओलांडणाऱ्यांना हातमोजे विणून द्यायचे, एवढीच इथली साधना.

त्यानं विणले ते हाताच्या बेताचे. मनगटावर मोर काढला, अगदी चोचीसकट. पाण्यात घातलं तर मोराची कोंबडी होईल, म्हणून त्यांना पाणी दाखवलंच नाही.

डाक नेणारा दोरजे निघाला, तेव्हा बाबा खालच्या गावात गेले होते. दिगंबरनं आपली जोडी पुढे केली. दोरजे मोराकडे बघून हरखला.

"पाण्यातून काढलेत ना, महाराज?"

"काढलेत," दिगंबर म्हणाला.

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात. इथं बैल दुसऱ्याचा होता.

खिंडीत ओला बर्फ पडला. चौथ्या दिवशी चौघांनी दोरजेला आळीपाळीनं पाठुंगळी घेऊन आणलं. मोजे भिजून त्याच्या हातांवरच आटले होते. ते कापूनच काढावे लागले. आतली बोटं काळी पडली होती. वैद्यानं त्यातली आठ काढली.

बाबांनी कापलेला मोजा दिगंबरपुढे ठेवला. मोर अजून ओळखू येत होता...

दिगंबरला रडू आवरेना.

"मी खोटं बोललो, बाबा. त्याचे हात मी खाल्ले. आता जन्मात सुईला शिवणार नाही. म्हणाल तेवढे उपास करतो, म्हणाल तर कडा उतरून निघून जातो. प्रायश्चित्त सांगा."

बाबांनी लोकरीची टोपली ओढली आणि त्याच्यासमोर सरकवली. वर सुया ठेवल्या.

"हे... कुणासाठी?"

"दोरजेसाठी. थंडी अजून दोन महिने आहे."

"पण बाबा, त्याला आता..."

बाबांनी मापाचा दोरा त्याच्या हातात दिला.

"जा. माप घेऊन ये."