बरणीतली कोळंबी आणि तिची हाक

पहिल्याच सकाळी कोळंबीने सवयीने आपल्या मिशा लांब केल्या, आणि त्या कुणाच्याच मिशांना लागल्या नाहीत. एवढेच झाले. पाणी निवळ होते, वाळू मऊ होती, शेवाळ हिरवेगार होते. पण ओढ्यात असताना उठल्याबरोबर मिशांना मिशा लागत, कुणीतरी "सरक की गं" म्हणे, आणि मग दिवस सुरू होई. इथे तो सुरूच होईना.

ही जागा म्हणजे खिडकीतल्या कडाप्प्यावर ठेवलेली शंकरपाळ्यांची एक रिकामी बरणी होती. केतकी नावाच्या मुलीने तिचे इवलेसे मत्स्यालय केले होते. तिने वाळू पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतली, शेवाळाचा पुंजका दोऱ्याने दगडाला बांधला, नळाचे पाणी दोन दिवस उघडे ठेवून मग भरले आणि तीन आठवडे त्यात फक्त एक गोगलगाय राहू दिली. मग तिच्या मामाने गावाकडच्या ओढ्यातून सहा कोळंब्या आणल्या. "सगळ्या एकदम नको सोडायला," मामा म्हणाला. "आधी एक सोडू. ती चार दिवस नीट हिंडली-फिरली, तर पाणी चांगलं समजायचं आणि बाकीच्या पाच सोडायच्या." त्या पाच जणी कडाप्प्याच्या दुसऱ्या टोकाला, ओढ्याच्याच गढूळ पाण्याने भरलेल्या बरणीत राहिल्या.

"मावशी, मलाच का गं एकटीला आणलं?" कोळंबीने विचारले.

"पाणी कसं आहे ते तुझ्यावरून कळणार म्हणून," काच चाटत गोगलगाय म्हणाली. ती एक वाक्य बोलायला बोटभर काच साफ होईल एवढा वेळ घेई. "तू हिंडायचंस. त्या मुलीला दिसायचंस. की झालं."

"ती बघायला येते तेव्हा?"

"मग काय, ती झोपल्यावर?"

"मला नाही बाई जमत. केवढे ते डोळे! माझ्यासारख्या दहा जणी मावतील एकेकात."

आणि खरोखरच तिला जमेना. केतकीचा चेहरा काचेशी आला, की कोळंबी शेपटीचा झटका मारून उलटी मागे जाई आणि थेट शेवाळात घुसे. दार वाजले तरी आत, भांडे पडले तरी आत. एकदा गोगलगाय काचेवरून सुटून खाली पडली, तर त्यालाही घाबरून कोळंबी अर्धा दिवस बाहेर आली नाही. "माझंच ओझं माझ्या पाठीवर, आणि धडकी तुला भरते!" गोगलगाय म्हणाली.

खोलीत कुणी नसले, की मात्र कोळंबी दबकत दबकत पलीकडच्या काचेशी जाई. तिथून दुसरी बरणी दिसे. त्या गढूळ पाण्यात पाच ठिपके हलत. एखादा ठिपका भरभर वर गेला, की ती म्हणे, ही धाकटी असणार, तिला कधी धीर नसतो. एखादा तळाशीच बसला, की म्हणे, ही मोठी, हिचे पाय दुखत असतील. मग ती मिशा हलवी, पायांनी काचेवर टिकटिक करी आणि जीव तोडून ओरडे, "अगं, मी इकडे आहे! इकडे!" ठिपके हलत राहत. उत्तर येत नसे. तरी ती तिथून हलायची नाही; ऊन काचेवरून सरकून भिंतीवर जाईपर्यंत तशीच बघत बसायची.

चौथ्या दिवशी पहाटे तिचे अंग आवळल्यासारखे झाले. कात टाकायची वेळ आली होती. मुलांनो, कोळंबी वाढते तसे तिचे जुने कवच तिला पुरत नाही. ते ती अख्खे उतरवून ठेवते, मिशांच्या टोकांपर्यंत. नवे अंग मात्र दोन दिवस सायीसारखे मऊ असते. म्हणून ओढ्यातली रीत अशी, की कात टाकलेलीने आडोसा सोडायचा नाही आणि बाकीच्यांनी आडोशाच्या तोंडाशी राखणीला बसायचे. इथे राखणीला कोण बसणार?

"मी बसले असते," गोगलगाय वरून म्हणाली, "पण तिथवर यायला मला दुपार होईल."

कोळंबीने वाळूवर कात टाकली आणि थरथरत दगडाखालच्या फटीत जाऊन बसली. थोड्या वेळाने काचेपाशी केतकीची किंकाळी उठली.

"मामा! मामा, ही गेली रे!"

मामा चहाचा कप घेऊनच आला. त्याने डोळे बारीक करून वाळूकडे पाहिले. तिथे पांढरी, निश्चल, अगदी कोळंबीच्या आकाराची वस्तू पडली होती.

"पांढरी फटक पडलीय," तो म्हणाला. "गेलीच म्हणायची. आणि तसं पाहिलं तर चार दिवसांत ती कधी हिंडताना दिसलीच नाही गं आपल्याला. पाणीच मानवलं नसणार."

"मग बाकीच्या?"

"त्यांना कशाला मारायचं? मी आत्ताच निघतोय, जाता जाता ओढ्यात सोडतो. हे पाणी कुंडीत ओत आणि बरणी धुऊन ठेव."

दगडाखाली कोळंबीला शब्दन् शब्द ऐकू आला. पाच जणी ओढ्यात, आणि आपण कुंडीतल्या मातीत! तिला वाटले, ओरडावे. ती ओरडलीही. पण दगडाखालची हाक दगडाखालीच राहिली.

"मावशी, सांग ना गं त्यांना, मी आहे म्हणून!"

"मी सांगून काय होणार? त्यांनी तुला बघायला हवं."

"कात टाकल्यावर बाहेर पडत नाहीत!"

"राखण असते तेव्हा पडत नाहीत," गोगलगाय म्हणाली. "तुझी राखण त्या बरणीत अडकलीय."

तेवढ्यात पाण्यात पळी उतरली. मामा ती पांढरी कात उचलायला आला होता. वाळू ढवळली, दगड हलला, पळीची कड फटीच्या तोंडावरून खरवडत गेली. कोळंबीच्या शेपटीला झटका मारायची ऊर्मी आली. ती तिने कशीबशी दाबली आणि एक पाऊल बाहेर टाकले. मऊ पाय वाकला. दुसरे टाकले. पळी इतक्या जवळून गेली, की ती लोटांगण घालून वाळूवर आडवी झाली. पण ती मागे फिरली नाही. उठली आणि सरळ पुढच्या काचेकडे, त्या दहा कोळंब्या मावतील एवढ्या डोळ्यांकडे, चालत गेली. तिथे उघड्यावर उभी राहून तिने मिशा हलवल्या.

"मामा, थांब! ही दुसरी कोण?"

"दुसरी कुठली? एकच तर सोडली होती."

"मग ही चालतेय कोण?"

मामाने पळीतली वस्तू बोटावर घेतली. ती आतून पोकळ होती, फुंकर मारली तर उडेल अशी. "अगं वेडे, ही तर कात! सापाची असते ना, तशी. आणि आपण हिचं सुतक धरायला निघालो होतो!"

मग मामाचे जाणे लांबले. वाटीवाटीने इकडचे पाणी तिकडच्या बरणीत घालता घालता दुपार झाली, आणि सवय होऊ दिल्यावर चहाच्या गाळणीतून पाच कोळंब्या हलकेच आत सोडल्या गेल्या. वाळूचा लोट उठला. सगळे पाणी धुरकट झाले. कोळंबीला स्वतःचे पायसुद्धा दिसेनात.

"कुणी आहे का?" तिने हाक मारली.

काहीच नाही. नुसते वाळूचे कण खाली बसत होते. तरी ती होती तिथेच, उघड्यावर, उभी राहिली आणि सगळा जोर लावून पुन्हा ओरडली, "अगं, मी इकडे आहे! इकडे!"

"आलो, आलो!" धुरळ्यातून आवाज आला. "तिथेच थांब, हलू नकोस!"

तात्पर्य : ज्याला सोबतीची ओढ आहे, त्याने भीती वाटत असली तरी समोर यावे, आडोशाला बसून मारलेली हाक कुणालाच ऐकू जात नाही.